तिसऱ्या पाळीच्या दोन तबकड्या

१४ डिसेंबर

अकरावा टेक. पुन्हा मीच चुकलो. रय्यानने गिटार खुर्चीला टेकवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. गणराज म्हणाला, "रत्ना, हात तुझे चालतायत, पण तू हायस कुठं?" इथेच आहे. कुठे जाणार!

बाराव्याला जमलं. पहिल्या बाजूचं दुसरं गाणं झालं. दोघांनी एकमेकांना टाळी दिली. मीही दिली. काही वाटलं नाही.

१५ डिसेंबर

कोळंबी आणली. लेकीने, मानसीने केली. "मीठ बरोबर आहे ना?" म्हटलं, बरोबर आहे. संपलं बोलणं.

१९ डिसेंबर

दोन तबकड्या, चार बाजू, सतरा गाणी. आज भिंतीवर खडूने यादी लिहिली तेव्हा कळलं आपण केवढं अंगावर घेतलंय. रय्यान म्हणतो, "आता माघार नाही. कॅम्पात ठरलं होतं." कॅम्पात! काय काय नाही ठरवलं आम्ही कॅम्पात.

अकरा वर्षं आम्ही तिघं गल्फमध्ये, एकाच कॉम्प्रेसर हाऊसला. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, आणि उरल्या वेळात कामगारांच्या कॅम्पातल्या पत्र्याच्या खोलीत बँड — म्हणून नाव 'तिसरी पाळी'. रय्यान बोर्लीचाच, बाजारामागच्या मोहल्ल्यातला. गातो तो, गिटारही त्याची. गणराज हरिहरेश्वरचा, आता तिथे पर्यटकांना खोल्या देतो, आणि बेस वाजवतो. ड्रम माझे. मिक्सिंगही माझ्याच गळ्यात. जुन्या धाटणीचं रॉक, लांबच लांब गाणी, मध्येच दोन-दोन मिनिटं नुसती गिटार. आता कोण ऐकतं हे? पण रय्यानचा हट्ट — आयुष्यात एकदाच काढायचं, तर मोठ्या काळ्या तबकडीवर काढायचं. आणि एक नाही, दोन!

जागा म्हणजे रय्यानच्या चाचांची, अलीमियाँची, बंद पडलेली भाताची गिरणी. पत्र्याखाली आवाज घुमायचा म्हणून चारही भिंतींना तुसाची पोती रचली, पार आढ्यापर्यंत. दोनशे तरी असतील. आता टाळी वाजवली तर हातातच मरते. मला आवडते ही खोली. दुपारी पोत्यांच्या धुळीने गणराजला शिंका येतात, मग टेक थांबवावा लागतो.

२६ डिसेंबर

दुसरी बाजू संपली. गणराजने नारळ फोडला. मी खोबरं खाल्लं.

घरी सांगितलं मानसीला, दुसरी बाजू झाली म्हणून. "बरं," म्हणाली. वीस वर्षांची आहे, श्रीवर्धनला कॉलेजला जाते, घर सांभाळते, माझे शर्ट इस्त्रीला टाकते. भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं! तिची आई गेल्यापासून तिने मला मिठाखेरीज एकही प्रश्न विचारलेला नाही.

६ जानेवारी

दीक्षाला जाऊन दोन वर्षं झाली आज.

सकाळी वंदना झाली. तिच्या अंगणवाडीतल्या बायका आल्या होत्या. मदतनीस इंदूबाई म्हणाली, "बाईंनी शेवटपर्यंत पोरांना गाणी शिकवली हो. खुर्चीत बसून शिकवायच्या, पण शिकवायच्या." सगळ्या रडल्या. मी ग्लासांत पाणी भरत होतो. कोणी पाणी पीत नव्हतं, तरी भरत होतो.

हृदयाची झडप. मला कळलं ते तिला मुंबईला नेल्यावर. पोचलो तेव्हा दवाखान्यातला तिसरा दिवस, आणि ती गेलेली. दर शुक्रवारी फोनवर बोलून पाठवायची — जेवलात का, इथे लाईट नाहीत, मानसीचा पेपर बरा गेला. एकदा तरी म्हणायचं, बरं नाही म्हणून! दुसऱ्या दिवशी विमानात बसलो असतो. लांब होतो, कळलं नाही. दोन वर्षं हेच सांगतोय सगळ्यांना आणि खरंच आहे ते. लोक माना डोलावतात. मानसी उठून आत जाते. आजही गेली.

११ जानेवारी

मिक्सिंग सुरू. पहिली बाजू. गाणं मऊ वाटतं, ड्रमच्या झांजा गोधडीखाली ठेवल्यासारख्या. वरचे सूर वाढवले. गणराज म्हणाला, "आणखी दे." दिले. रय्यान डोळे मिटून ऐकत होता, म्हणाला, "थोडं और, यार. धार पाहिजे." दिली धार. तिघांचं एकमत! कॅम्पात चहात साखर किती ह्यावर कधी झालं नव्हतं.

१८ जानेवारी

चौथी बाजू दीक्षाची. हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, दोघांपैकी कोणी विचारलं नाही का म्हणून.

सुरुवात तिच्या आवाजाने करायची, मग हळूच गिटार. शेवटच्या नोव्हेंबरातला निरोप निवडला. अडतीस सेकंद. "अहो, जेवलात का? आज मुलांना होडीचं गाणं शिकवलं. सगळी एकाच बाजूला वल्ही मारतात! मानसी अभ्यास करतेय. काळजी करू नका." ह्याच्यावर मी तेव्हा काय उत्तर दिलं तेही फोनमध्ये आहे — 'आवाज क्लिअर येतोय'. दर शुक्रवारी हेच लिहायचो. नेट बरं असलं की आनंद व्हायचा.

तिचाही आवाज मऊ वाटला म्हणून त्यालाही धार दिली. बरीच. आता लख्ख येतो.

मानसीला ऐकवायचं आहे. खरं लिहायचं तर हे सगळं त्यासाठीच चाललंय. तबकड्या, चार बाजू, सगळं. ती ऐकेल, रडेल, मला शिव्या देईल आणि मग बोलायला लागेल. माझं मला काही वाटेनासं झालंय, निदान तिला वाटू दे.

१९ जानेवारी

दिवसभर झोपलो.

२५ जानेवारी

सतरा गाणी, ब्याऐंशी मिनिटं. मुंबईला पाठवली. चांगदेव म्हणून एक माणूस आहे, तो साचा कापून देतो, त्यावरून तबकड्या निघतात. रय्यानने मला मिठी मारली. मोहल्ल्यातून खिचडा आला. चांगला होता म्हणाले सगळे.

२७ जानेवारी

मानसीला गिरणीत नेलं. आली, नाही म्हणाली नाही. मोठ्या स्पीकरांपुढे खुर्ची ठेवली. रय्यान आणि गणराज मुद्दाम बाहेर थांबले. चौथी बाजू लावली.

दहा सेकंद झाली नसतील. तिने दोन्ही कानांवर हात दाबले. मला वाटलं, रडू येतंय. मी आवाज थोडा वाढवला.

उठली. तोंड पांढरंफटक. "मुद्दाम केलंत?" म्हणाली. "आईचं ते एवढं मोठ्याने ऐकवायचं होतं तुम्हाला? जगाला?"

"ते म्हणजे काय?" विचारलं मी.

"माहीत नाही तुम्हाला?" आणि गेली. खुर्ची आडवी पडली. मी ती सरळ केली, मग बटण बंद केलं.

२८ जानेवारी

मानसी घरात आहे. आज मिठाचंही विचारलं नाही.

३१ जानेवारी

चांगदेवचा फोन. स्पीकरवर टाकला. "कोणी मिक्स केलंय हे? स-श आला की कानात करवत फिरते. ह्याने सुई खोबणीतून उडेल! असं कापून देता येणार नाही." वर म्हणतो, "आणि मागे एकसारखी किरकिर आहे. चारही बाजूंना. तुमच्या मशीनचं काहीतरी बघा."

गणराज भडकला. "त्याचेच कान तपासा आधी! मुंबईत राहून बधिर झालाय बेणं!"

पण तपासायला तर हवं. वायरी बदलल्या. माईक बदलले. कान लावून पुन्हा ऐकलं. किरकिर बिरकिर काही नाही. लख्ख शांत.

२ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

रय्यानची बहीण तैयबा डबा घेऊन आली. हायस्कूलला गणित शिकवते. रेकॉर्डिंगच्या वेळी आम्ही कोणालाच आत घेत नसू, ती पहिल्यांदाच आली. दारातच थबकली. "या अल्ला! केवढे हे किडे!"

"कसले किडे?" रय्यान म्हणाला.

"रातकिडे! पोत्यांत भरलेत नुसते. ह्या कलकलाटात रेकॉर्डिंग केलंत तुम्ही?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघतोय. गणराजला वाटलं थट्टा करते. "कुठं हाय काय? उगा आपलं कायतरी!" तिने डबा खाली ठेवला, जवळच्या पोत्याला एक लाथ घातली. "आता गप्प झाले," म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आता परत लागले." आम्हाला आधीही काही नाही, नंतरही काही नाही.

गणराजने एक पोतं उसवलं. तुसाबरोबर घरंगळत आले — तपकिरी, लांब मिशांचे, दहा-वीस-पन्नास. एक माझ्या पायावर चढला. मी त्याला उचलून कानाशी धरला. तैयबा म्हणाली, "भाईजान, तुमच्या हातात ओरडतोय तो." मला फक्त त्याचे पाय लागत होते बोटांना.

रय्यान त्या तुसातच बसला. दीड महिना, सतरा गाणी, आणि प्रत्येकात हे! मानसीलाही त्या दिवशी ऐकू आले असतील, पण ती कुठे बोलते. तैयबा हसायला लागली होती, आमची तोंडं बघून थांबली.

५ फेब्रुवारी

अलिबाग. कानाचे डॉक्टर. काचेच्या खोलीत बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी शेवटी बराच वेळ काही दाबलंच नाही. वाटलं, मशीन बंद पडलं.

कागदावर रेघ निघते. निम्म्यापर्यंत सरळ जाते, मग विहिरीत पडते. तिघांचे कागद एकावर एक धरले — तीच रेघ! गणराज म्हणाला, "पेणला एकाच साच्यातून काढलेत आपले गणपती." डॉक्टरांनी विचारलं, काम कुठे करायचात? कॉम्प्रेसर हाऊस म्हटल्यावर पुढचं त्यांनीच सांगितलं — रोज बारा तास त्या मशीनच्या गडगडाटात राहिलं की असंच होतं. बोलणं कळतं, म्हणून माणसाला वाटतं कान शाबूत आहेत. बारीक, उंच आवाज मात्र जातात. पक्षी, किडे, शिट्टी. "किती वर्षांपासून?" आम्हाला कसं कळणार! बाजूच्यालाही ऐकू येत नव्हतं.

म्हणजे तिघांनी मिळून धार लावत बसलो ती ह्यामुळे. आम्हाला कळेल एवढी धार, म्हणजे दुसऱ्याला सुरी.

येताना गाडीत रय्यान रडला. गाणारा माणूस तो. मी खिडकीतून बघत होतो. चौलजवळ कुठेतरी मानसीचं आठवलं. 'आईचं ते.'

६ फेब्रुवारी

कागद मानसीपुढे ठेवला. म्हटलं, हे बघ. मला हे एवढं ऐकू येत नाही. त्या दिवशी तू काय ऐकलंस ते मला माहीत नाही. सांग.

तिने कागद जवळ ओढला, रेघ बोटाने गिरवली. म्हणाली, "म्हणजे आईचा श्वास तुम्हाला ऐकूच आला नाही?"

उत्तर ऐकायला थांबून विचारलेला, दोन वर्षांतला पहिला प्रश्न.

मग तिने सांगितलं. दीक्षाला धाप लागायची. दोन शब्द बोलली की श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची. घरभर ऐकू यायची. त्या शेवटच्या सहा महिन्यांत पाठवलेल्या प्रत्येक निरोपात ती आहे. मानसी शेजारी बसलेली असायची. "मी म्हणायचे, सांग ना पप्पांना. ती म्हणायची, सांगायचं काय त्यात, ऐकू येतंय की त्यांना. विचारतील तेव्हा सांगेन. आणि तुमचं उत्तर यायचं — आवाज क्लिअर येतोय. ती हसायची. म्हणायची, बघ, काळजी वाटण्यासारखं नसेल काही, नाहीतर बोलले असते."

"आणि तू?"

"मला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करताय. यायला लागू नये म्हणून."

मी उठून पाणी प्यायलो. परत येऊन बसलो. मानसी तिथेच होती. पाणी पिऊन झाल्यावर काय करतात ते आठवेना.

७ फेब्रुवारी

म्हणजे बाई दर शुक्रवारी सांगत होती. आणि मी म्हणतोय, एकदाही सांगितलं नाही.

१३ फेब्रुवारी

गिरणीतली पोती बाहेर काढली. रय्यानला आधी सगळं मोडून टाकायचं होतं. तैयबा म्हणाली, गाण्यांतून किडे काढता येणार नाहीत, काढले तर झांजाही जातील. रय्यान तिला विचारतो, "वाईट लागतं का ऐकायला?" ती म्हणाली, "वाईट नाही. रात्री ओटीवर बसून कोणीतरी वाजवतंय असं वाटतं." मग राहू दे म्हणालो. ओटी तर ओटी.

मिक्सिंग मात्र पहिल्यापासून. आणि आमच्या कानांवर नाही. मानसी म्हणाली, "मी बसते." कोणी विचारलंही नव्हतं तिला.

१७ फेब्रुवारी

मानसी शेजारी बसते. मी बटण फिरवतो, ती हात वर करते की थांबायचं. आज माझ्या हातावर चापटी मारली. "पप्पा, किती ते! कान फुटतील!" गणराज हसला. मीपण हसलो, आवाज आला माझा.

जेवताना ती म्हणाली, "लांब होतात, आणि ऐकू येत नव्हतं. मी आता तसंच धरते." मी मान डोलावली. बरं वाटलं असं लिहायला हरकत नाही.

२२ फेब्रुवारी

आज मानसीने कॉम्प्युटरवर दीक्षाचा निरोप उघडला आणि म्हणाली, "निम्म्या वेगाने लावला की आवाज खाली उतरतो. निम्म्याच्या निम्म्याने लावू. कदाचित येईल तुम्हाला." लावला. दीक्षाचे शब्द जाड, लांब, ओळखू न येणारे झाले. पण दोन शब्दांच्या मध्ये, जिथे मला इतके दिवस नुसती जागा वाटत होती, तिथे काहीतरी होतं. दार कुरकुरावं तसं. मग पुन्हा. मग पुन्हा.

"हा?" मी विचारलं.

"हाच."

पुन्हा लाव म्हटलं. अडतीस सेकंदांत चौदा वेळा. 'काळजी करू नका' ह्यात दोनदा.

मला रडू आलं. मोठ्याने. विहारात आलं नव्हतं, स्मशानात आलं नव्हतं, ते आज भाताच्या गिरणीत. मानसीने पाठीवर हात ठेवला. रय्यान दारात येऊन परत गेला. चौथी बाजू अशीच ठेवायची ठरलं. श्वासासकट, धार न लावता, ती बोलली तशी.

२६ फेब्रुवारी

चारही बाजू पुन्हा पाठवल्या. चांगदेवचा उलट निरोप — आता कापता येईल. भूक लागली होती, तीन भाकऱ्या खाल्ल्या.

२८ फेब्रुवारी

मानसीने विचारलं, "आईचं आणखी काही आहे का तुमच्याकडे?" जुना फोन शोधून चार्जिंगला लावला.

२ मार्च

जुन्या फोनमध्ये एकच निघालं. माझ्या शेवटच्या सुट्टीतलं, तिच्या जाण्याआधीच्या उन्हाळ्यातलं. भांडी घासताना गुणगुणतेय, मी लपून रेकॉर्ड केलेलं. आज मानसी कॉलेजला होती. एकट्यानेच लावलं, निम्म्याच्या निम्म्या वेगाने. त्यातही आहे.

म्हणजे तेव्हा मी लांब नव्हतो. चाळीस दिवस ह्याच घरात होतो. कान गेले होते, मान्य. पण दीक्षा त्या सुट्टीत पाठीशी तीन उशा लावून, बसल्या बसल्या झोपायची. आडवी म्हणून होत नव्हती. मी बघत होतो रोज. एकदा विचारलं, मान नाही का दुखत? "झाली सवय," म्हणाली. मी कूस बदलून झोपलो.

डोळे माझे चांगले आहेत.

मानसी आत्ताच आली. चहा ठेवतेय. हाक मारली तिला, म्हटलं, गॅस बंद कर आणि इथे येऊन बस, त्या सुट्टीतलं सांगायचंय.